सोलापूरचा पाऊस आणि त्याची नोंद

पाऊस पडत असतांना तो सर्वांनाच दिसतो. पडून गेलेला पाऊस मात्र कोणालाच दिसत नाहीं. जमीन त्यांतला कांहीं भाग पिऊन टाकते, कांहीं भाग ओढ्यानाल्यांतून सीना आणि भीमा या नद्यांकडे निघून जातो आणि उरलेला उन्हानें उडून जातो. मागें राहते ती त्याची नोंद. एखाद्या गांवीं अमुक दिवशीं किती पाऊस झाला याविषयीं वाद उत्पन्न झाला, तर तो मिटविण्यास आभाळाची साक्ष काढतां येत नाहीं; वही काढावी लागते. ही वही कोणी लिहावी, कशावर लिहावी आणि ती कशी जपावी, हा प्रश्न वरवर पाहतां कारकुनी स्वरूपाचा दिसतो. परंतु ज्या मुलखांत एका पावसावर कणगी भरते किंवा रिकामी राहते, त्या सोलापूरसारख्या मुलखांत हाच प्रश्न भाकरीचा होऊन बसतो.

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग आपला बहुतेक भार कोंकणांत आणि घाटमाथ्यावर उतरवून मगच देशावर येतात. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून जवळजवळ सरळ पूर्वेस असलेल्या सोलापूर शहरीं तो सरासरीनें सुमारें ७२० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें २८ इंचांच्या घरांत येतो. बरें, सरासरी हा शब्दही येथें फसवाच. मृगाचा पाऊस कधीं येतो, कधीं नुसता गडगडून जातो. मध्यें पावसाची दीर्घ ओढ बसते आणि सप्टेंबरांत पुन्हां सरी येतात. या मुलखाचें मुख्य पीक जी रब्बीची ज्वारी, ती उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या ओलीवर पेरली जाते व पुढें थंडीभर काळ्या जमिनीच्या पोटांत सांठलेल्या पाण्यावरच वाढते. मोहोळच्या संशोधन केंद्रांत निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारीची जात महाराष्ट्रभर पसरली, ती याच सांठलेल्या ओलीवर तग धरण्याच्या तिच्या गुणामुळें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. येथें पाऊस एकूण किती पडला एवढें कळून भागत नाहीं. तो कसा पडला हें कळावें लागतें. साठ मिलिमीटर पाऊस तीन दिवस झिमझिमला तर तो जमिनींत मुरतो आणि दाणा भरण्याच्या वेळीं ताटाच्या उपयोगी पडतो. तोच साठ मिलिमीटर पाऊस एका तासांत कोसळला तर बराचसा बांध फोडून निघून जातो आणि जातांना वरची कसदार माती बरोबर नेतो. वार्षिक बेरजेंत हे दोन्ही पाऊस सारखेच दिसतात. त्यांतला भेद सांगणारी नोंद मिळविण्यासाठीं मनुष्यानें ज्या युक्त्या योजिल्या, त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पाऊस मोजण्याची कल्पना या देशांत पुरातन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत कोठाराजवळ एक अरत्नि, म्हणजे साधारण हातभर, रुंद तोंडाचें कुंड पर्जन्यमापनासाठीं ठेवावें असें सांगितलें असून, कोणत्या प्रदेशांत किती द्रोण पाऊस पडतो याचे आंकडेही दिले आहेत. त्यांत गोदावरीकांठच्या अश्मक देशाचा पाऊस साडेतेरा द्रोण, तर अवंतीचा तेवीस द्रोण दाखविला आहे. कुंड ठेवावयाचें तें कोठाराशीं, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कोणतें बीं केव्हां पेरावें आणि राज्याच्या पदरांत धान्य किती पडेल, हें ठरविण्यासाठींच ही मोजदाद होती. पावसाची नोंद आणि राजाचा महसूल यांची सांगड तेव्हांपासून पडलेली आहे.

अर्वाचीन काळीं हीच सांगड पुन्हां दृष्टीस पडते. १८६४ सालीं कलकत्त्यावर मोठें तुफान आलें. १८६६ आणि १८७१ सालीं पावसानें दगा दिला. या आपत्तींनंतर १८७५ सालीं हिंदुस्थान सरकारनें हवामान खातें स्थापन केलें आणि हेन्री ब्लॅनफर्ड या भूस्तरशास्त्रज्ञाकडे त्याचीं सूत्रें दिलीं. पुढच्याच वर्षीं, १८७६ सालीं, दख्खनवर जो घोर दुष्काळ कोसळला, त्यांत सोलापूर हा मुंबई इलाख्यांतील अतिशय होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं एक होता. शहराजवळचा एकरुख तलाव १८७१ सालींच पुरा झाला होता; परंतु एका तलावानें जिल्ह्याची तहान भागत नाहीं. दुष्काळ आला आहे कीं नाहीं, सारा तहकूब करावयाचा कीं वसूल करावयाचा, दुष्काळी कामें काढावयाचीं कीं थांबावयाचें, या निर्णयांच्या मुळाशीं ‘पाऊस किती?’ हा प्रश्न होता. आणि त्याचें उत्तर तालुक्याच्या कचेरींतल्या वहींत शोधावयाचें होतें.

ही वही भरण्याची रीत साधी होती. कचेरीच्या आवारांत उघड्यावर एक धातूचें नळकांडें पुरलेलें असे. त्यावर नरसाळें व आंत बाटली. रोज सकाळीं ठराविक वेळीं बाटलींतलें पाणी खुणा केलेल्या कांचेच्या मापांत ओतावयाचें, आंकडा वाचावयाचा आणि वहींत लिहावयाचा. आजही सरकारी वेधशाळांतून सकाळीं साडेआठ वाजतां याच रीतीनें पाऊस मोजतात, आणि त्याहून विश्वसनीय रीत अद्याप निघालेली नाहीं. मात्र तिला दोन मर्यादा आहेत. पहिली ही कीं, चोवीस तासांचा हिशेब तिला एकाच आंकड्यांत मिळतो. पाऊस मध्यरात्रीं धो धो आला कीं पहांटेपर्यंत रिपरिपला, हें बाटली सांगत नाहीं. दुसरी मर्यादा मनुष्यस्वभावाची आहे. मोजणारा रजेवर गेला, आजारी पडला, किंवा भर पावसांत आवारांत जाण्याचा त्यानें कंटाळा केला, तर त्या दिवसाचें घर रिकामें राहतें. रिकामें घर आणि शून्य यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. शून्य म्हणजे ‘पाऊस पडला नाहीं’; रिकामें घर म्हणजे ‘ठाऊक नाहीं’. जो कारकून रिकाम्या घरांत सहज शून्य टाकून वही पुरी करतो, तो नकळत खोटी साक्ष देत असतो. नोंदीच्या शास्त्रांतील हें पहिलें सूत्र आहे आणि पुढें यंत्रें कितीही सुधारलीं तरी तें बदललेलें नाहीं.

मनुष्याला बाजूस सारून हवामानालाच आपली नोंद करावयास लावावें, ही कल्पना सतराव्या शतकांत इंग्लंडांत निघाली. क्रिस्तोफर रेन यानें अशा यंत्राचा आराखडा केला आणि रॉबर्ट हुक यानें १६७९ च्या सुमारास तें सिद्ध केलें. हुकच्या या हवामान-घड्याळांत वारा, उष्णता, हवेचा दाब, पाऊस इत्यादि गोष्टींची नोंद कागदाच्या पट्टीवर छिद्रें पाडून होत असे. सोलापूरच्या माणसाला ही युक्ति नवलाची वाटूं नये. चादरीच्या मागावर जॅकार्डच्या भोंकें पाडलेल्या पत्त्यांची माळ फिरतांना ज्यानें पाहिली आहे, त्याला भोंक म्हणजेच अक्षर, हें सांगावें लागत नाहीं. मागावर पत्ता सुताला काय करावें तें सांगतो. हुकच्या यंत्रांत वारापाऊस काय झालें तें पत्त्याला सांगत होते. माहिती यंत्रांतून काढून घेऊन दुसरीकडे नेतां यावी, अशा वस्तूवर ती उतरविण्याची कल्पना येथें स्पष्ट दिसते.

आपल्या वेधशाळांत जें स्वयंलेखक पर्जन्यमापक रूढ झालें, तें वक्रनलिकेच्या तत्त्वावर चालणारें. त्याची रचना मोठी मौजेची आहे. नरसाळ्यांतून पडणारें पाणी एका डब्यांत जातें. त्यांत एक पोकळ तरंगक असतो व त्याला लेखणी जोडलेली असते. पाणी चढूं लागलें कीं तरंगक चढतो आणि लेखणी कागदावर वर सरकते. हा कागद एका उभ्या नळकांड्याभोंवतीं गुंडाळलेला असून, तें नळकांडें घड्याळाच्या चावीवर चोवीस तासांत एक फेरा घेतें. दहा मिलिमीटर पाऊस झाला कीं वक्रनलिकेंतून सगळें पाणी एकदम उपसून जातें, लेखणी खालीं शून्यावर येते आणि पुन्हां चढूं लागते. सकाळीं कागद काढला कीं रात्रीची सारी हकीगत रेघेंत वाचतां येते. रेघ आडवी असेल तर पाऊस नव्हता. चढती असेल तर होता. उभ्या चढणीची असेल तर झोडपून काढीत होता.

अशा नोंदीची गरज सोलापुरास विशेषेंकरून भासली याला कारण कोरडवाहू शेतीचें संशोधन. १९२८ सालीं शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९३३ च्या सुमारास सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशा पांच ठिकाणीं कोरडवाहू शेतीचीं संशोधन केंद्रें निघालीं. सोलापूरच्या कामाशीं ना. वि. कानिटकर यांचें नांव निगडित आहे. भारतांतील कोरडवाहू शेतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४४ सालीं प्रसिद्ध झाला. पावसाचें पाणी रानांतून किती वाहून जातें, तें बरोबर माती किती नेतें, बांध कोठें घालावा, कुळव केव्हां चालवावा, हे या संशोधनाचे प्रश्न होते. ‘आज चाळीस मिलिमीटर पाऊस’ एवढ्या नोंदीनें त्यांचा उलगडा होण्यासारखा नव्हता. माती वाहते ती पावसाच्या बेरजेनें वाहत नाहीं, त्याच्या वेगानें वाहते. योगायोगाची गोष्ट अशी कीं, हवामान खात्याचें मुख्य ठाणें १९२८ पासून पुण्यास होतें आणि तेथेंच १९३२ सालीं डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखालीं शेतकी हवामानशास्त्राची शाखा निघाली. शेत आणि वेधशाळा यांची गांठ अशा रीतीनें महाराष्ट्राच्या भूमीवरच पडली.

लेखणीच्या यंत्रानें मोठी सोय केली खरी. पण त्यानें मनुष्याला मोकळें केलें असें म्हणतां येत नाहीं. रोज सकाळीं कागद बदलावा लागे, घड्याळाला चावी द्यावी लागे, शाई भरावी लागे. सोलापूरच्या उन्हाळ्यांत शाई वाळून लेखणी रेघ ओढीनाशी होई. आणि वळवाचा पाऊस येतो तो नेमका उन्हाळ्याच्या अखेरीस. शिवाय जो कागद निघे, तो कोणीतरी डोळ्यांनीं वाचून, तासातासाचे आंकडे काढून, पुन्हां वहींतच लिहावे लागत. असे कागद वर्षांमागून वर्षें सांचत जात. रेघेंत सर्व कांहीं लिहिलेलें असे. परंतु तें वाचावयास माणूस आणि वेळ दोन्हीही पुरेसे नसत.

या कोंडींतून वाट काढली ती विजेनें. नवीन पर्जन्यमापकांत नरसाळ्याखालीं तराजूच्या पारड्यांसारखीं दोन लहान जुळीं भांडीं बसवितात. एक भरलें कीं कलतें, पाणी सांडतें व दुसरें नरसाळ्याखालीं येतें. प्रत्येक कलण्याबरोबर एक लोहचुंबक एका बंद नळींतल्या खटक्याजवळून जातो आणि विजेचा एक ठोका उमटतो. एक ठोका म्हणजे पाव किंवा अर्धा मिलिमीटर पाऊस, असें त्याचें प्रमाण बांधलेलें असतें. पावसाचें रूपांतर अशा रीतीनें मोजतां येण्याजोग्या ठोक्यांत झालें. राहिला प्रश्न ठोके मोजून लिहून ठेवणारा चिटणीस मिळविण्याचा. तो चिटणीस म्हणजे मायक्रोकंट्रोलर. संपूर्ण गणकयंत्र एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर मावविण्याची ही कला १९७० नंतरच्या दशकांतील. अमेरिकेंत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनें १९७४ सालीं आणि इंटेलनें १९७६ सालीं असे तुकडे बाजारांत आणले. एका लहान घटावर महिनोन् महिने जागा राहणारा, रजा न मागणारा आणि भर पावसाला न कंटाळणारा हा कारकून आहे.

त्याला लिहावयास वही कोणती द्यावी, हा पुढचा प्रश्न. प्रारंभीं छिद्रें पाडण्याच्या कागदी पट्ट्या व चुंबकीय फिती वापरीत. पण फिती फिरविणारीं यंत्रें धूळ आणि उष्णता सोसत नाहींत. १९८४ सालीं तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या जपानी शास्त्रज्ञानें फ्लॅश नांवाची स्मृति जगापुढें मांडली. तींत फिरणारा भाग मुळींच नाहीं, आणि वीज गेली तरी लिहिलेलें पुसलें जात नाहीं. याच तत्त्वावर १९९९ सालीं सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनीं मिळून टपालाच्या तिकिटाएवढें एस्‌डी कार्ड काढलें. छायाचित्रकारांसाठीं म्हणून आलेली ही वस्तु रानांतल्या हवामान-यंत्रांनीं आपलीशी केली, कारण ती खिशांत घालून नेतां येते आणि कोणत्याही संगणकांत वाचतां येते. २००५ सालीं इटलींतील इव्ह्रेआ येथें विद्यार्थ्यांसाठीं ‘आर्डुइनो’ नांवाचा स्वस्त मायक्रोकंट्रोलर-फलक निघाल्यापासून तर अशी नोंदयंत्रणा जुळविणें अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही साध्य झालें.

या वहीची क्षमता ऐकून मन थक्क होतें. यंत्रानें दर दहा मिनिटांनीं एक ओळ लिहिली—तारीख, वेळ, पाऊस, उष्णता, आर्द्रता—तर दिवसाच्या १४४ आणि वर्षाच्या ५२,५६० ओळी होतात. एका ओळीला पन्नास अक्षरें धरलीं तर वर्षाचा सारा मजकूर सव्वीस-सत्तावीस लाख अक्षरांचा होतो. सोळा अब्ज अक्षरांच्या एका सामान्य कार्डांत अशीं सहा हजार वर्षें मावतील. कौटिल्यापासून आजपर्यंतचा प्रत्येक दहा मिनिटांचा पाऊस नखाएवढ्या जागेंत मावून शिवाय निम्म्याहून अधिक जागा उरेल.

परंतु मावणें निराळें आणि टिकणें निराळें. नव्या चिटणिसालाही जुन्या कारकुनासारखे दोष आहेत; फक्त त्यांचें स्वरूप बदललें आहे. कार्डावर एकेक अक्षर लिहितां येत नाहीं. ५१२ अक्षरांचा ठोकळाच लिहावा लागतो. म्हणून मायक्रोकंट्रोलर ओळी आपल्या तात्पुरत्या स्मृतींत सांचवून ठेवतो व ठोकळा भरला कीं कार्डावर उतरवितो. आर्डुइनोच्या साध्या फलकांत ही तात्पुरती स्मृति अवघी २,०४८ अक्षरांची असते. तिचा चौथा हिस्सा एका ठोकळ्यालाच जातो. शिवाय मजकूर लिहिला म्हणजे काम संपत नाहीं. फाइल कोठून कोठपर्यंत आहे, याची अनुक्रमणिका कार्डावर निराळ्या जागीं असते आणि तीही सुधारावी लागते. मजकूर लिहून झाला आणि अनुक्रमणिका सुधारण्यापूर्वींच वीज गेली, तर ग्रंथाचीं पानें भरलेलीं असूनही अनुक्रमणिका तो कोरा असल्याचें सांगते.

आणि वीज जाते केव्हां? वळवाचें वादळ सुटतें, विजा कडाडतात, तारा तुटतात, तेव्हां. म्हणजे ज्या घटकेची नोंद सर्वांत मोलाची, तीच घटका नोंदीला सर्वांत घातक. यावर उपाय आहे. तो असा कीं, प्रत्येक ओळ लिहितांच फाइल बंद करून अनुक्रमणिका पुरी करावी. परंतु तसें केल्यास वीज अधिक खर्च होते आणि कार्ड लौकर झिजतें. म्हणून जाणता रचनाकार मधला मार्ग काढतो. कोरड्या दिवसांत नोंदी सांचवून लिहितो व पावसाचा पहिला ठोका पडतांच ओळ न् ओळ ताबडतोब कार्डावर उतरवितो. तसेंच आधाराला घट ठेवून, त्याची शक्ति उतरूं लागतांच उरलेला मजकूर लिहून यंत्र आपण होऊन थांबेल, अशीही योजना करतां येते.

दुसरा दोष घड्याळाचा. मायक्रोकंट्रोलरला तारीख-वेळ सांगणारें एक निराळें घड्याळ जोडतात व तें नाण्याएवढ्या घटावर चालतें. घट संपला कीं कित्येक घड्याळें २००० सालच्या पहिल्या जानेवारीपासून नव्यानें मोजूं लागतात. पाऊस खरा, आंकडा खरा, पण तारीख खोटी! जुन्या यंत्रांत चावी संपली तर नळकांडें थांबे व आदल्या दिवशींची चूक दुसऱ्या सकाळीं नजरेस येई. नवें यंत्र चुकीची तारीखही सुबक अक्षरांत लिहीत राहतें. तिसरा दोष तर अगदींच गांवठी आहे. नरसाळ्यांत पालापाचोळा अडकला, चिमणीनें काड्या घातल्या किंवा कोळ्यानें जाळें विणलें, तर भांडीं कलतच नाहींत. आणि चिटणीस इमानानें शून्य लिहितो. तालुक्याच्या कारकुनानें रिकाम्या घरांत टाकलेलें शून्य आणि हें शून्य यांत शेतकऱ्याच्या दृष्टीनें काय अंतर?

हीं शून्यें आज किती महाग पडतात, हें डाळिंबाच्या बागाइतदाराला विचारावें. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत नुकसानीची भरपाई झाड पाहून ठरत नाहीं. नेमलेल्या हवामान केंद्राच्या नोंदी पाहून ठरते. पावसाचा खंड इतके दिवस सलग राहिला, किंवा अमुक दिवसांत इतका पाऊस झाला, म्हणजे भरपाई देय होते. सलग कोरड्या दिवसांच्या माळेंत एखाद्या दिवसाची नोंद चुकली कीं माळ तुटते. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखालीं महाराष्ट्रांत महसूल मंडळागणिक दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रें उभीं राहिलीं. दर दहा मिनिटांच्या नोंदी तारायंत्राशिवाय दूर पाठविण्याची सोय त्यांत केलेली आहे. पण संदेशवहन तुटतें तें बहुधा वादळांतच. अशा वेळीं यंत्राच्या पोटांत राहिलेली प्रत हीच काय ती साक्ष. म्हणून दूर संदेश पाठविणाऱ्या यंत्रालाही स्वतःजवळची वही असावी लागते.

अशा साक्षीचें महत्त्व दाखविणारा एक मोठा प्रयोग सोलापुरींच झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें २०१८ आणि २०१९ सालीं येथें कृत्रिम पावसाचा शास्त्रीय प्रयोग केला. योग्य ढग निवडून कांहींमध्यें विमानानें क्षारकणांचा धूर सोडावयाचा व कांहीं तसेच सोडावयाचे. आणि कोणत्या ढगाच्या वांट्याला काय यावें हें चिठ्ठी टाकल्याप्रमाणें यदृच्छेनें ठरवावयाचें, अशी त्याची रीत होती. जमिनीवर रडार आणि स्वयंचलित पर्जन्यमापकांचें जाळें होतें. या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. बीजारोपणाच्या जागेपासून वारा ज्या दिशेस वाहतो त्या बाजूच्या सुमारें शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रांत पाऊस सरासरी शेंकडा १८ नें अधिक झाला, असें त्यांत आढळलें. शेंकडा १८ हा फरक डोळ्यांना दिसणारा नव्हे. एका सरीच्या आणि दुसऱ्या सरीच्या स्वाभाविक भेदांत तो सहज बुडून जाईल. तो वर निघाला तो ठिकठिकाणच्या मिनिटामिनिटाच्या नोंदी एकत्र ताडून पाहिल्यामुळें. नोंद नसती तर विमान उडालें, ढग आले आणि पाऊस पडला, एवढीच कथा उरली असती. तिच्यावरून ना होकार निघाला असता, ना नकार.

आतां या दीर्घ प्रवासाचा एकत्र विचार करावा. बाटली, लेखणी आणि कार्ड हे तीन चिटणीस एकामागून एक आले. पहिला रोज एक आंकडा लिहीत होता, दुसरा रोज एक रेघ ओढीत होता, तिसरा दहा मिनिटांना एक ओळ लिहितो. मात्र वही जसजशी लहान होत गेली, तसतशी ती डोळ्यांआड गेली. जुन्या वहींतली खाडाखोड कोणालाही दिसे. शाईचा कागद दिव्याच्या उजेडांत वाचतां येई आणि कोरड्या जागीं ठेवला तर पिढ्यान्‌पिढ्या टिके. फ्लॅश कार्डांतील विद्युद्‌भार मात्र कांहीं वर्षांनीं हळूहळू झिरपूं लागतो. सहा हजार वर्षें मावण्याची जागा ज्यांत आहे, त्यांत एका पिढीची नोंदही दुसरी प्रत केल्याशिवाय सुरक्षित नाहीं. म्हणूनच पुण्याच्या राष्ट्रीय डेटा केंद्रांत जुन्या-नव्या नोंदी तपासून व उतरून ठेवण्याचें काम चालतें, आणि तें पर्जन्यमापक बसविण्याइतकेंच मोलाचें आहे.

यंत्रानें माणसाचें काम कमी केलें, असें सामान्यतः समजतात. या क्षेत्रांत त्यानें कामाची जागा बदलली, हें म्हणणें अधिक यथार्थ ठरेल. पूर्वीं मनुष्य पाऊस मोजीत होता. आतां त्यानें मोजणाऱ्यावर नजर ठेवावयाची आहे. महिन्याकाठीं रानांत जावें, नरसाळें साफ करावें, मापानें पाणी ओतून भांडीं नीट कलतात कीं नाहीं तें पहावें, घड्याळ आपल्या घड्याळाशीं ताडावें, कार्ड काढून त्याची प्रत करावी, आणि जेथें नोंद नसेल तेथें शून्य न लिहितां ‘नोंद नाहीं’ असेंच लिहावें. एवढें करणारा माणूस ज्या गांवाला लाभला, त्या गांवचा पाऊस, थोडा असो कीं फार, वाहून गेला तरी हरवत नाहीं.